अवचितगड कोणाला अवचित?

रोह्याच्या उत्तरेस, मेढे गावाच्या माथ्यावर अवचितगड नावाचा किल्ला आहे. दाट जंगलाने आणि भोवतालच्या डोंगरांनी तो असा झाकलेला, की वाटसरूला अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही आणि मग एकदम, अवचित, समोर उभा राहतो. म्हणून तो अवचितगड. ही व्युत्पत्ती आम्ही दोघांनी मिळून दहा-बारा वर्षे वर्गात सांगितली. तृतीय वर्षाच्या भाषाविज्ञानाच्या अभ्यासपत्रिकेत स्थलनामांचा भाग आला, की हे आमचे हुकमी उदाहरण असे. विद्यार्थ्यांना ते आवडे, परीक्षेत ते हमखास लिहीत, आणि महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात एकदा आम्ही ते छापूनही घेतले होते.

काही वर्षांपूर्वी मेढ्याकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने तास संपता संपता हात वर केला. तिचे म्हणणे साधे होते. तिच्या अंगणातून गड रोज दिसतो. सकाळी तोंड धुताना दिसतो, म्हशी सोडताना दिसतो. मग तो अवचित कोणाला? वर्ग हसला. आमच्यापैकी जो त्या तासावर होता तोही हसला. दुसऱ्याने तो प्रश्न संध्याकाळी पेणला परतताना गाडीत ऐकला आणि निडी गेले, नागोठणे गेले, कासू आले तरी आमचे त्यावरचे बोलणे संपले नव्हते. खिडकीतून डोंगर सरकत होते. त्यांतल्या किती डोंगरांची नावे आपल्याला येतात, हे आम्ही बोटांवर मोजून पाहिले, तेव्हा एका हाताची बोटेही पुरून उरली. दोघांचेही निम्म्याहून अधिक आयुष्य याच पट्ट्यात गेले आहे, हे येथे कबूल केलेले बरे.

त्या मुलीच्या प्रश्नात एक गोष्ट दडलेली होती, जी आम्हाला व्याकरण शिकवूनही दिसली नव्हती. ‘अवचित’ हे विशेषण डोंगराचे नव्हेच. ते पाहणाऱ्याचे आहे. खालच्या गावातल्या माणसाला जो डोंगर जन्मापासून समोर आहे, तो अचानक दिसणे शक्य नाही. ही व्युत्पत्ती खरी धरली, तर हे नाव ठेवणारा माणूस बाहेरून, रानातली वाट तुडवत आलेला असला पाहिजे: शिबंदीतला असेल, वसुलीचा कारकून असेल, सांडणीस्वार असेल. आणि खोटी धरली, तर ती रचणारा तरी असा बाहेरचाच असणार. दोन्हीकडून निष्कर्ष एकच निघतो. डोंगराच्या नावात डोंगरापेक्षा नाव ठेवणाऱ्याचा पत्ता अधिक असतो.

पुढच्या वर्षी आम्ही विद्यार्थ्यांना एक काम दिले. आपल्या गावातून दिसणाऱ्या डोंगराचे चित्र काढायचे, कच्चे चालेल, आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून त्यावर नावे लिहायची. पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांतली मुले त्यात होती. खारेपाटातली होती, डोंगरपट्टीतली होती, ठाकूरवाड्या-कातकरवाड्यांतलीही चार-दोन होती. वह्या आल्या तेव्हा आम्ही चकित झालो. नावांचा सुकाळ होता. दांडांना नावे होती, सोंडांना होती, खिंडींना, ओहोळांना, पाणवठ्यांना, कातळांना होती. एक नाव कधीच्या उन्मळून पडलेल्या आंब्याचे होते, एक कड्यावरून घसरलेल्या म्हशीचे. वाघदेवाची ठिकाणे तर तीन-चार वह्यांत. रिकामी जागा होती ती बहुतेक चित्रांत एकाच ठिकाणी: शिखरावर.

शहरातल्या वाचकाला हे विपरीत वाटेल. आपल्याला डोंगर म्हटला की आधी त्याचा माथा आठवतो. त्याची उंची, त्यावर पोहोचल्याचे छायाचित्र. पण ज्याला डोंगरातून लाकूड, गवत, मध, करवंदे आणि उन्हाळ्यातले पाणी आणायचे आहे, त्याचे माथ्यावर काम काय? काम असते वाटेशी, पाण्याशी, सावलीच्या झाडाशी. एका कातकरी आजीने आपल्या नातवाला हेच सांगून परत पाठवले होते, की वर काही नाही, वाराच आहे, त्याला कशाला नाव. माथ्याला नाव लागते ते वर देव असेल तेव्हा, किंवा वर तोफ असेल तेव्हा. आणि तिसरे म्हणजे तो माथा दुरून ओळखायचा असेल तेव्हा. हे तिसरे कारण आमच्या भागात समुद्राकडून आले.

त्याचे उदाहरण पेणकरांच्या रोजच्या पाहण्यातले आहे. पनवेलकडे जाताना महामार्गाच्या कडेला कर्नाळ्याचा सुळका उभा दिसतो. बेसॉल्टचा हा काळा खांब आमच्याकडे सर्वांना अंगठ्यासारखा वाटतो. शाळेतल्या मुलालाही विचारले तर तो आपला अंगठा वर करून दाखवतो. मुंबई बंदरात शिरणाऱ्या इंग्रजांना मात्र तो अंगठा वाटला नाही. त्यांनी त्याला ‘फनेल हिल’ म्हटले, म्हणजे नरसाळ्याचा डोंगर, आणि हे नाव ठाणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरातही येऊन बसले. पायथ्याच्या माणसाने अंगठा पाहिला, बंदरात शिरणाऱ्या खलाशाने नरसाळे पाहिले. दोघांच्या मध्ये खाडी होती आणि दोघांची कामे वेगळी होती, एवढाच फरक. ‘कर्नाळा’ या नावाचा ‘कर्णा’ या वाद्याशी संबंध जोडण्याचा मोह आम्हालाही झाला होता, कारण कर्णाही एका टोकाला निमुळताच असतो. पण एकदा हात पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. अवचितगडानंतर आम्ही असले मोह वहीच्या शेवटच्या पानावर लिहितो.

खंडाळ्याच्या घाटातही असेच झाले. ज्या कड्याला घाटाखालचा आणि घाटावरचा माणूस नागफणी म्हणत आला, त्यात इंग्रजांना ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे नाक दिसले. नाग ज्याच्या शेतात निघतो त्याला फणा दिसणार आणि ज्याच्या दिवाणखान्यात ड्यूकची तसबीर आहे त्याला नाक दिसणार. यात कोणी चूक केली असे आम्ही म्हणणार नाही. फक्त एवढेच, की आज तेथे जाणारी आमची मुले ‘ड्यूक्स नोज’ म्हणतात आणि त्या ड्यूकचे नाव विचारले तर गप्प बसतात.

पेणच्या पूर्वेकडच्या डोंगरांतला सांकशीचा किल्ला या बाबतीत कर्नाळ्याहून अधिक गुंतागुंतीचा आहे. तो फारसा उंच नाही, गिर्यारोहकांच्या यादीत त्याला मान नाही, पण त्याला नावे आहेत तीन, आणि तिन्ही नावांची माणसे वेगवेगळी आहेत. सांक नावाचा राजा होता, त्याने किल्ला बांधला, म्हणून सांकशी, हे पहिले. कर्नाळ्याच्या राजाशी लढताना तो पडला आणि त्याची मुलगी जगमाता हिने कड्यावरून उडी घेतली, अशी कथा सांगतात. तिचे ठिकाणही दाखवतात. या कथेला कागदाचा आधार नसला, तरी शेजारच्या दोन डोंगरांत वैर लावून देण्याची लोकमानसाची ही रीत आम्हाला फार ओळखीची वाटते. दुसरे नाव बद्रुद्दीनचे. किल्ल्याच्या पायथ्याशी बद्रुद्दीनचा दर्गा आहे, त्यावरून किल्ला बद्रुद्दीन किंवा नुसताच दर्ग्याचा किल्ला. नवस बोलायला जाणाऱ्यांच्या तोंडी हेच नाव, आणि नवस बोलणाऱ्यांत सर्व जातिधर्मांची माणसे. तिसरे नाव पोर्तुगीजांच्या लिखाणातले, ‘सांगाझा’.

हे तिसरे नाव कसे आले, ते पाहण्यासारखे आहे. १५४० साली अहमदनगरच्या निजामशहाने गुजरातच्या सुलतानाकडून सांकशी आणि कर्नाळा हे दोन्ही किल्ले घेतले. गुजरातच्या किल्लेदारांनी वसईच्या पोर्तुगीजांकडे मदत मागितली, पोर्तुगीजांनी किल्ले घेऊन दिले, मग स्वतःकडे ठेवले, आणि अखेर वर्षाला पाच हजार सोन्याचे पारदांव घेण्याच्या बोलीवर निजामशहाला देऊन टाकले. या सबंध व्यवहारात सांकशी हा डोंगर म्हणून कोठेच नाही. तो एक रक्कम आहे. लिस्बनच्या कारकुनाला सांक राजा ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि दर्ग्याचेही त्याला सोयरसुतक नव्हते. त्याला हिशेबाच्या कागदावर एक शब्द हवा होता, तो त्याने आपल्या जिभेला जमेल तसा लिहिला. आपल्याकडेही हे अजून थांबलेले नाही. ‘पेण’चे ‘पेन’ झालेले ऐकून आम्ही आता रागावणेही सोडले आहे.

कारकुनांचा विषय निघालाच आहे, तर १६६५ च्या पुरंदरच्या तहाकडे वळू. मिर्झाराजे जयसिंगाशी झालेल्या या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांना दिले आणि बारा स्वतःकडे राखले. आमच्या पट्ट्यातले कितीतरी डोंगर या दोन याद्यांत एकमेकांपासून तुटले. कर्नाळा गेला, माणिकगड गेला, अलिबागचा सागरगड गेला. तळे, घोसाळे, भोरप राहिले. शाळेत आम्ही हा तह पाठ केला होता तो फक्त आकड्यापुरता. आता नावांसाठी वाचू लागलो, तेव्हा दिसले की दिलेल्या किल्ल्यांच्या यादीतली काही नावे आज कोणत्या डोंगराची, याबद्दल अभ्यासकांत एकवाक्यता नाही. सागरगड तेथे ‘खिरदुर्ग’ होऊन येतो. मराठीतले त्याचे दुसरे नाव खेडदुर्ग, ते फारसी लिपीतून जाताना असे झाले असणे शक्य आहे. आज ज्याला आपण प्रबळगड म्हणतो त्याचे जुने नाव मुरंजन. डोंगर तेथेच आहेत, एक तसूही हललेले नाहीत, आणि तरीही तहाच्या यादीतून काही जण बेपत्ता झाले आहेत. कागद नावे टिकवतो, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत आलो. कागद नावे हरवतोही.

राखलेल्या यादीतली नावे गावांची आहेत, हेही लक्षात घेण्यासारखे. घोसाळे गावाचा डोंगर म्हणून घोसाळगड. वीरगड हे त्याचे दुसरे, भारदस्त नाव गावात फारसे कोणी घेत नाही. भोरपचा इतिहास याहून बोलका आहे. भोराई देवीचा तो डोंगर. महाराजांच्या काळात त्याला सुधागड हे नाव मिळाले आणि आज तो सबंध तालुका सुधागड म्हणून ओळखला जातो. पण देवी भोराईच राहिली. नवरात्रात वर जाणारा माणूस भोराईला जातो, सुधागडला नव्हे. राज्याने गडाचे नाव बदलले, देवीचे बदलले नाही. त्यामुळे जुने नाव देवळात वस्तीला राहिले. पालीच्या सरसगडाचे तर त्याहून गमतीचे. वरच्या कातळाची ठेवण पगडीसारखी, म्हणून पंचक्रोशीत तो ‘पगडीचा किल्ला’. राजवटी कितीही बदलल्या तरी पगडी ती पगडी.

नाव बदलणे हे राज्य मिळवल्याचे पहिले लक्षण असते. रायरीचा रायगड झाला, १६७४ साली तेथे राज्याभिषेक झाला. १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला आणि त्याचे इस्लामगड झाले. पुढे मराठ्यांकडे परत आला तसे नावही परत आले. विसाव्या शतकात तर या डोंगराच्या नावाने सबंध जिल्हाच व्यापला. १ जानेवारी १९८१ पर्यंत आम्ही कुलाबा जिल्ह्याचे होतो, म्हणजे अलिबागच्या समुद्रातल्या एका किल्ल्याचे. त्या दिवसापासून रायगड जिल्ह्याचे, म्हणजे सह्याद्रीतल्या एका गडाचे झालो. आमच्या जुन्या शाळेच्या दाखल्यांवर जिल्हा समुद्रात आहे आणि पुढच्या पदव्यांवर डोंगरात. पेणचे आगर आणि रोह्याची कुंडलिका मात्र जागच्या जागी राहिली. हे बदल चूक की बरोबर हा प्रश्न येथे नाही. मुख्यमंत्री याच जिल्ह्याचे होते आणि महाराजांच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला मिळाल्याचा आनंद सर्वांना झाला होता. आम्हाला नोंदवायचे ते इतकेच, की कुलाबा हे नाव अर्ध्या आयुष्यात विस्मरणात गेले. आमच्या आजच्या विद्यार्थ्यांना कुलाबा म्हटले की मुंबईतला एक भाग आठवतो.

दूरच्या जगात याहून वेगळे काही घडलेले नाही. सर्वेक्षण खात्यात ज्याला आधी नुसते ‘पंधरावे शिखर’ म्हणत, त्याची उंची १८५२ मध्ये राधानाथ सिकदार यांच्या गणिताने जगात सर्वांत अधिक ठरली. जॉर्ज एव्हरेस्ट त्याआधीच, १८४३ मध्ये, निवृत्त होऊन मायदेशी गेले होते. त्यांचे नाव त्या शिखराला द्यावे असे त्यांच्या जागी आलेल्या अँड्र्यू वॉ यांनी सुचवले, तेव्हा खुद्द एव्हरेस्ट यांनीच हरकत घेतली. इथल्या लोकांना हे नाव उच्चारता येणार नाही, इथल्या लिप्यांत ते लिहिता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. तरीही १८६५ मध्ये ते नाव पक्के झाले. तिबेटी लोकांचे चोमोलुंग्मा त्या आधीपासून होतेच. आम्ही लहानपणी भूगोलात एव्हरेस्ट पाठ केले आणि त्याच पुस्तकात पुढच्या ओळीत महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर म्हणून कळसूबाई, १६४६ मीटर. दोन नावे एकाखाली एक होती, पण त्यांतला फरक कोणा मास्तरांनी दाखवला नाही. जगातल्या सर्वांत उंच शिखराला एका मोठ्या अधिकाऱ्याचे नाव आहे, आणि महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराला, लोककथेनुसार, एका मोलकरणीचे. भांडी घासणार नाही, केर काढणार नाही, या अटीवर कामाला राहिलेली ती पोर; अट मोडली तेव्हा डोंगरावर निघून गेली. तिचे नाव कोणत्याही समितीने मंजूर केलेले नाही.

या सगळ्या खटाटोपात आम्हाला वरसईची आठवण पुन्हा पुन्हा येत राहिली. वरसई हे पेण तालुक्यातले गाव. १८५७ च्या धामधुमीतला प्रवास लिहून ठेवणारे विष्णुभट गोडसे तेथलेच, आणि इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा जन्मही तेथलाच. नावे हीच कागदपत्रे आहेत, ती उकलली तर कोणी कोठे वस्ती केली ते कळेल, हा विचार मराठीत हट्टाने मांडणारे राजवाडेच. त्यांच्या कितीतरी व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांनी ओढूनताणून आणलेल्या म्हणून बाजूला ठेवल्या, आणि ते योग्यच झाले. परंतु राजवाड्यांची चूक आणि आमची चूक यांत अंतर आहे. ते पायी हिंडले, दप्तरे धुंडाळली, मग चुकले. आम्ही खुर्चीत बसून, एका माहितीपुस्तिकेतले वाक्य उचलून चुकलो. राजवाडे चुकले तर त्यांना खोडायला साधन त्यांनीच गोळा करून ठेवलेले असते. आम्हाला खोडायला मेढ्याची एक मुलगी यावी लागली.

रोह्याचाही एक धागा येथे जुळतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे घराणे रोह्याचे, आणि त्यांनी मेघदूताचा मराठी अनुवाद केला होता. मेघदूतात मेघाला वाट सांगताना यक्ष डोंगरांची नावे घेतो. त्यांतला आम्रकूट पिकलेल्या रानआंब्यांनी झाकलेला आहे. नाव आणि वर्णन येथे एकच होऊन जाते. मेघ वरून जाणार, म्हणून डोंगर वरून कसा दिसेल ते कालिदास सांगतो. आमच्या वह्यांतला तो उन्मळलेला आंबा आणि कालिदासाचा आम्रकूट यांत नाव ठेवण्याची रीत एकच आहे. एकाला महाकवी मिळाला आणि दुसऱ्याला विद्यार्थ्याची शंभर पानी वही.

लोकव्युत्पत्तीला आम्ही आता खोटी म्हणत नाही, पण इतिहास म्हणूनही सांगत नाही. सिंहगडाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. गड आला पण सिंह गेला, म्हणून सिंहगड, ही गोष्ट आम्हा सर्वांच्या रक्तात आहे. आणि तानाजी मालुसरे पडले त्या १६७० सालाच्या आधीच्या पत्रव्यवहारात सिंहगड हे नाव आढळते, हेही खरे. गोष्ट नावातून निघाली, नाव गोष्टीतून नव्हे. म्हणून गोष्ट टाकून द्यायची का? ती तानाजीबद्दल लोकांना काय वाटत होते ते सांगते, आणि तेही इतिहासाचेच काम आहे. फक्त दोन गोष्टी दोन रकान्यांत लिहायला हव्यात. आम्ही त्या एका रकान्यात लिहीत होतो.

अवचितगडावर आम्ही त्यानंतर दोनदा जाऊन आलो. उंची जेमतेम तीनशे मीटर, पण झाडी खरोखरच दाट. वर बारा कोनांचा बांधीव तलाव आहे, आणि दक्षिणेच्या बुरुजावर शके १७१८, म्हणजे इसवी सन १७९६ चा शिलालेख आहे. पहिल्या खेपेला आम्ही वाट चुकलो आणि रानातून बाहेर पडताना तटबंदी एकदम समोर आली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. आम्ही बाहेरचे होतो. आम्हाला तो अवचितच दिसला.

परतताना त्या विद्यार्थिनीच्या घरी चहाला थांबलो. अंगणातून गड दिसत होता. घरात काय म्हणता, असे विचारले, तर तिच्या आजीला प्रश्नच कळेना. गड म्हणतो, ती म्हणाली. अवचितगड हे नाव एसटीच्या आणि पुस्तकांच्या माणसांसाठी. गावात एकच गड आहे, त्याला वेगळे नाव कशाला? मग अंगणापासून गडाच्या दरवाज्यापर्यंतच्या वाटेवरची नावे तिने एकेक करून सांगितली, आणि मुलीने ती आमच्यासमोर वहीत उतरवली. अकरा ठिकाणे होती. नऊ नावे लागली. दोन ठिकाणांची नावे आजीला त्या वेळी आठवेनात. एक पाण्याचे होते, ते पाणी आटून बरीच वर्षे झाली. वहीत त्या दोन ओळी कोऱ्या आहेत आणि समासात पेन्सिलीने लिहिले आहे, आजीला पुन्हा विचारणे.